तंजावरचे बृहदीश्वर मंदिर : उपयोगांची स्थित्यंतरे आणि एका शिलालेखाचे वाचन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तंजावरचे नाव तीन संदर्भांत हटकून येते : शाहराजांची नाटके, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारातील भोसले घराण्याचा शिलालेख. ह्यांपैकी पहिल्या दोहोंची वाङ्मयीन चर्चा बरीच झाली आहे. तिसऱ्याची अवस्था मात्र काहीशी विचित्र आहे. त्याच्या विस्ताराचा गौरव होतो, इतिहासाचे साधन म्हणून त्यातील सनावळी तपासली जाते, महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या वैभवाचा पुरावा म्हणून त्याकडे बोट दाखविले जाते. परंतु ज्या भिंतीवर तो कोरला गेला ती भिंत कोणाची, त्या देवळात त्यापूर्वी काय लिहिले गेले होते आणि कोरणाऱ्याच्या काळी त्या वास्तूचे नेमके काय काम उरले होते, हे प्रश्न त्याच्या वाचनात क्वचितच शिरतात. संहिता भिंतीवरून उतरवून घ्यावी आणि भिंत तेथेच सोडून द्यावी, असा हा व्यवहार आहे.

तमिळ अभ्यासपरंपरेतील व्यवहार ह्याच्या उलट, पण तितकाच अपुरा आहे. तेथे ते मंदिर म्हणजे राजराज चोळाची निर्मिती; नंतरच्या शतकांनी तिच्यात घातलेली भर ही मूळ कृतीवरची पुटे. ह्या दृष्टीत मराठी शिलालेखाला स्थान मिळते ते एका तळटीपेचे. दोन्ही भूमिकांमागे एकच गृहीत आहे : वास्तूला एक मूळ अर्थ असतो आणि तिचे पुढचे उपयोग त्या अर्थाचे विस्मरण किंवा विटंबन असते. हे गृहीत बृहदीश्वराच्या बाबतीत कितपत टिकते हे पाहणे तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते. कारण येथील जवळजवळ प्रत्येक उपयोगाने आपल्यामागे एक लेखन किंवा एक प्रयोग ठेवला आहे.

१. दानाची वही

राजराज पहिला (राज्यकाल ९८५–१०१४) ह्याने बांधलेले हे देऊळ १०१० मध्ये पूर्णत्वास गेले. आपल्या पंचविसाव्या राज्यवर्षी राजाने विमानाच्या शिखरासाठी सोन्याने मढविलेला तांब्याचा कलश अर्पण केल्याची नोंद तेथेच आहे. सुमारे ६० मीटरांहून उंच असे ते ग्रॅनाइटचे विमान तत्कालीन दक्षिणेत अपूर्व होते. देवाचे नावच राजाच्या नावावरून पडले : राजराजेश्वर. ‘बृहदीश्वर’ हे संस्कृत नाव पुढील काळातले. तमिळ भाविकाच्या तोंडी ते ‘पेरुवुडैयार’, म्हणजे थोर स्वामी, ह्या रूपात वावरते. नावांचा हा क्रमच स्थित्यंतराचा पहिला दाखला होय. राजाचे नाव वगळले गेले, आकाराचे विशेषण तेवढे उरले.

विमानाच्या अधिष्ठानावर कोरलेले चोळकालीन तमिळ लेख हे ह्या वास्तूचे आद्य वाङ्मय. आपण दिलेले, थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले जे जे आहे ते दगडावर कोरले जावे, अशी राजाची आज्ञा त्यांत नमूद आहे. मग सुरू होते ती यादी : दागिन्यांची वजने, रत्नांची संख्या, धातूच्या मूर्तींची मापे, गावांची उत्पन्ने, दिव्याच्या तुपासाठी धनगरांकडे सोपविलेल्या मेंढ्यांची मोजदाद (एका अखंड दिव्यामागे ९६), आणि ग्रामसभांना साडेबारा टक्के व्याजाने दिलेल्या रकमा. चेर आणि पांड्य राजांवरील विजयातून आलेली संपत्ती येथे वाहिली गेली. सिंहलद्वीपातील गावांचा वसूलही ह्या देवाला लावून दिला गेला. देऊळ हे एकाच वेळी पूजास्थान, कोठार, पेढी, रोजगाराचे केंद्र आणि साम्राज्याचे दप्तर होते.

ह्या नोंदीतील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे माणसांची यादी. निरनिराळ्या गावांच्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकींची (तळिच्चेरी पेण्डुगळ) नावे, त्या कोणत्या देवळातून आल्या, कोणत्या आळीत कितव्या घरात राहतात, हे सारे कोरलेले आहे. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भाताचा एक वाटा. त्यांच्या पाठोपाठ नृत्यगुरू, वादक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, ज्योतिषी येतात. तिरुप्पदियम गाण्यासाठी ४८ गायक आणि दोन वादक अशा पन्नास जणांची नेमणूक वेगळी आहे. राजाच्या लेखात सामान्य स्त्रीचे नाव आणि घराचा क्रमांक यावा, ही भारतीय शिलालेखांच्या परंपरेत सहज आढळणारी गोष्ट नव्हे. मात्र ह्या नावांना कथा नाही. ती वाट्याच्या हिशेबापुरती आली आहेत.

ह्याच राजाच्या काळात लेखांच्या आरंभी राजाचे पराक्रम सांगणारा पद्यमय तमिळ भाग, ‘मेय्‌कीर्ती’, जोडण्याची पद्धत रूढ झाली. ‘खरी कीर्ती’ असा त्या शब्दाचा अर्थ. म्हणजे चोळ लेखाचे दोन थर होतात : वर पराक्रमाचे ठरीव काव्य, खाली दानाचे रोकडे गद्य. इतिहास आणि हिशेब ह्यांची ही सांगड पुढे ध्यानात ठेवावी लागते. कारण आठशे वर्षांनी त्याच आवारात जो मराठी लेख उमटला त्यात हिशेब गळून पडला आणि इतिहास तेवढा उरला.

२. हरवलेले नाटक, झाकलेली चित्रे, तटबंदीचे दगड

राजेंद्र दुसऱ्याच्या काळातील, अकराव्या शतकाच्या मध्यावरील, एक लेख सांगतो की वैगासीच्या उत्सवात ‘राजराजेश्वर नाटक’ करणाऱ्या नटाला वर्षाला १२० कलम भात द्यावे. नाटकाची संहिता आज उपलब्ध नाही. शीर्षकातील राजराजेश्वर म्हणजे देव की देवाला नाव देणारा राजा, हे त्या शीर्षकावरून ठरत नाही. ह्या मंदिरात देव आणि राजा ह्यांच्यातील संदिग्धता नावापासूनच पेरलेली होती. नाटकाने ती प्रेक्षकांसमोर उभी केली असणार, इतका तर्क करण्यास हरकत नाही. मानधनाची नोंद टिकली आणि नाटक लोपले, ही गोष्ट प्रयोगकलांच्या इतिहासाविषयी पुष्कळ सांगून जाते.

राजेंद्र पहिल्याने राजधानी गंगैकोंडचोळपुरम् येथे हलविली, तेव्हाच तंजावरच्या देवळाचे राजकीय मध्यवर्तित्व ओसरू लागले. तेराव्या शतकात पांड्यांनी तंजावर उद्ध्वस्त केले, पण देऊळ राहिले. देवीचे स्वतंत्र मंदिर तर पांड्यकाळातच उभे राहिले. सोळाव्या–सतराव्या शतकांत नायक राजांनी सुब्रह्मण्याचे नाजूक कोरीव देऊळ, नंदीचा प्रचंड एकाश्म आणि त्यावरील मंडप ह्यांची भर घातली. आज पर्यटकाच्या मनातील ‘चोळ मंदिरा’च्या चित्रात जो नंदी अग्रभागी असतो तो चोळांचा नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ‘मूळ वास्तू’ ही कल्पना किती निसरडी आहे हे उमगते.

गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायकांनी भित्तिचित्रे काढवून घेतली. त्यांच्याखाली चोळकालीन चित्रे होती हे १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठातील एस. के. गोविंदस्वामी ह्यांच्या लक्षात आले, आणि सुंदरमूर्ती व चेरमान पेरुमाळ ह्यांचा कैलासप्रवास, त्रिपुरांतक शिव अशी दृश्ये हळूहळू प्रकाशात आली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी वरचा नायक थर अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसविण्याची पद्धत विकसित केली. तांत्रिक दृष्ट्या ही कामगिरी मोठीच. परंतु वाङ्मयसमीक्षकाला तिच्यात संहितासंपादनाचा एक जुना पेच दिसतो : प्राचीनतम पाठ हाच प्रमाण पाठ मानायचा काय? नायकांनी आपली चित्रे त्या भिंतीसाठी, त्या अंधारासाठी काढविली होती. फलकावर ती वाचली खरी, पण त्यांची भिंत गेली.

तटाचा भाग वेगळ्या वृत्तीचा. नायककाळात मंदिर शिवगंगेच्या छोट्या किल्ल्याच्या आत आले. भोवती खंदक पडला. अठराव्या शतकात कर्नाटकातील लढायांनी तंजावरला वारंवार वेढले : १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीचा वेढा, १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी कंपनीच्या फौजांनी घेतलेले शहर, १७७६ मध्ये तुळजाजीला परत मिळालेली गादी. ह्या धामधुमीत देवळाच्या आवाराचा लष्करी उपयोग झाला. तटातील जंग्या त्याची साक्ष देतात. पूजेसाठी बांधलेल्या जाड भिंती बंदुकीच्या युगात आपोआप संरक्षणाची भिंत होतात. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये दारूचा साठा केला गेला आणि १६८७ च्या स्फोटात ते भग्न झाले. तंजावरला तो प्रसंग आला नाही, हा केवळ योगायोग.

येथे एक तौलनिक भेद नोंदवायला हवा. पार्थेनॉन देवळाचे चर्च झाले, चर्चची मशीद झाली. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा प्रवास ५३७ मधील चर्चपासून १४५३ नंतरची मशीद, १९३० च्या दशकातील संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद असा झाला. तेथे उपयोग बदलला म्हणजे देव बदलला. तंजावरला देव बदलला नाही. बदलले ते देवाशी नाते सांगणारे राजे, त्यांच्या भाषा आणि ते नाते सांगण्याचे वाङ्मयप्रकार. म्हणून येथील स्थित्यंतर धर्मांतराच्या परिभाषेत मांडता येत नाही. ते प्रकारांतराच्या परिभाषेत मांडावे लागते, आणि तो तर साहित्याभ्यासाचाच प्रांत आहे.

३. दगडावरची बखर

शके १७२५ मध्ये, म्हणजे इ.स. १८०३ मध्ये, सरफोजी दुसऱ्याच्या आज्ञेवरून बाबूराय चिटणिसाने सिद्ध केलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर देवनागरीत कोरला गेला. वंशाच्या पौराणिक उगमापासून मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी असे करीत तो तंजावरच्या गादीवरील एकेका राजाचा वृत्तांत देतो आणि सरफोजीपाशी थांबतो. प्रकार म्हणून पाहता ही बखरच आहे : तीच सलग गद्याची धाटणी, तोच वंशवृत्ताचा कणा, पुराण आणि ऐकीव इतिहास ह्यांचे तेच सहज मिश्रण. तथापि बखर हा कागदाचा प्रकार आहे. ती नकलून घ्यायची, दप्तरात ठेवायची, मागणाऱ्याला लिहून पाठवायची चीज. तिने दगडावर येण्याचे कारण काय?

उत्तर लेखाच्या सनात दडलेले आहे. तुळजाजीने १७८७ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी सरफोजीला दत्तक घेतले. ते दत्तविधान कंपनीने आधी अमान्य ठरवून अमरसिंहाला गादीवर बसविले आणि १७९८ मध्ये तेच मान्य करून सरफोजीला गादी दिली. दोन्ही वेळा शास्त्री-पंडितांचे अभिप्राय घेतले गेले, आणि दोन्ही वेळा ते निरनिराळे आले. लगेच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला; राजाकडे उरले ते किल्ल्याचे आवार, मानमरातब आणि नेमणूक. ज्याच्या वंशसंबंधाविषयी शंका घेतली गेली होती आणि ज्याचे राज्य नुकतेच गेले होते, अशा राजाने चार वर्षांनी कोरविलेला हा वंशेतिहास आहे. ही पार्श्वभूमी सोडून त्यातील वंशावळीचा अभिमान वाचणे म्हणजे अर्जाला पोवाडा समजणे होय.

राजराजाच्या लेखाशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. राजराजाला आपण कोण हे सिद्ध करायचे नव्हते. मेय्‌कीर्तीच्या काही ओळींत ते आटोपून तो देण्याकडे वळतो. त्याच्या लेखाचे मुख्य क्रियापद ‘दिले’ हे आहे. सरफोजीच्या लेखाचे क्रियापद ‘झाले’ हे आहे : अमक्यापासून अमका झाला, त्याने अमुक केले, त्यामागे तमका गादीवर आला. पहिल्यात सत्ता भविष्याला बांधून घेते, कारण दिवा अखंड जळायचा आहे आणि व्याज वर्षानुवर्षे यायचे आहे. दुसऱ्यात सत्ता भूतकाळात आश्रय घेते, कारण भविष्याचा निर्णय आता दुसरीकडे होतो. एकाच देवळातील दोन राजलेखांमधील काळाचा हा भेद सार्वभौमत्वाच्या दोन अवस्थांचा भेद आहे.

मग ह्या लेखाचा वाचक कोण होता? तंजावर दरबाराच्या रोजच्या मराठी कारभाराची लिपी मोडी होती. लेखासाठी निवडली गेली ती देवनागरी, म्हणजे पोथीची लिपी. देवळात येणारा बहुसंख्य भाविक तमिळ बोलणारा. मराठी जाणणारी मंडळी दरबाराभोवतीची, आणि त्यांना हा इतिहास कागदावर मिळण्याजोगा होता. तेव्हा माहिती पोहोचविणे हा ह्या कोरणीचा हेतू मानणे कठीण जाते. देवाला साक्षी ठेवून वंश नोंदविणे, हा तिचा व्यापार अधिक संभवतो. खरेदीखतावर साक्षीदाराची निशाणी असते तसा येथे देव आहे; खत मात्र मालमत्तेचे नसून उत्पत्तीचे आहे. अशा लेखाचे न वाचले जाणे हे त्याचे अपयश ठरत नाही.

ह्या संदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची. त्या काळी चोळलेखांचे वाचन मागे पडले होते. ‘बृहदीश्वरमाहात्म्य’ ह्या संस्कृत स्थलपुराणात मंदिराच्या उभारणीचे श्रेय करिकाल चोळाकडे जाते आणि देऊळ हे त्याच्या व्याधिमुक्तीच्या कथेशी जोडले जाते. राजराजाचे कर्तृत्व लेखांच्या आधारे सर्वमान्य झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ई. हुल्ट्श ह्यांनी ते लेख वाचून प्रसिद्ध केल्यावर. याचा अर्थ असा की सरफोजीच्या काळी हे देऊळ एका विस्मृत राजाच्या न वाचल्या जाणाऱ्या अक्षरांनी भरलेले होते. त्या अक्षरांच्या सहवासात नवा राजा आपली अक्षरे कोरवीत होता. दगडावरचे लेखन टिकते, पण टिकणे म्हणजे वाचले जाणे नव्हे, हा धडा त्याच भिंतींवर उपलब्ध होता. तो त्याने घेतला असो वा नसो, पुढे त्याच्या लेखाच्या वाट्यालाही तेच आले. १८५५ मध्ये गादीला पुत्रवारस नाही म्हणून कंपनीने तंजावर खालसा केले आणि वंशेतिहास हा संपलेल्या वंशसत्तेचा इतिहास झाला.

४. राजा नायक, देव प्रेक्षक

सरफोजीने देवळाला दिलेला दुसरा वाङ्मयीन उपयोग तमिळ भाषेतला आहे, आणि मराठी अभ्यासकांनी तो सहसा शिलालेखाशेजारी ठेवून पाहिलेला नाही. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर ह्यांनी रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही नृत्यनाटिका बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी सादर करीत. राजाच्या प्रेमाने व्याकूळ नायिका, तिच्या सख्या, आणि हात पाहून मीलनाचे भविष्य सांगणारी डोंगरातली कुरवंजी, हा त्या प्रकाराचा ठरीव साचा. इतर अनेक कुरवंजींत नायक देव असतो. येथे नायक स्वतः सरफोजी आहे आणि देव समोर बसून पाहतो आहे.

अकराव्या शतकातील ‘राजराजेश्वर नाटका’ची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्हींच्या मध्ये कोणतीही सलग परंपरा दाखविता येत नाही; पण मंदिर तेच आहे, उत्सव हाच प्रसंग आहे आणि राजाचे नाव हाच विषयाचा गाभा आहे. वास्तू आपल्या नव्या धन्यांना काही ठरावीक भूमिका सुचविते काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. ज्या जागी राजा देवाच्या नावात मिसळला होता त्या जागी पुढचा राजा देवासमोर नायक होऊन उभा राहतो. येथे ‘प्रभाव’ ही तौलनिक साहित्याची जुनी संज्ञा अपुरी पडते. परस्परांना न ओळखणाऱ्या दोन कृतींमधला दुवा येथे स्थळाने पुरविला आहे.

सरफोजीने स्वतः मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. तीत जगाचा भूगोल सांगितला आहे. तमिळ प्रकाराच्या साच्यात, मराठी भाषेत, युरोपीय विद्येचा आशय, असा तो विलक्षण मेळ आहे. ह्या तीन कृती एकत्र ठेवल्या की एकाच राजाची भाषानिवड दिसू लागते : वंश सांगायचा तो मराठी गद्यात आणि दगडावर, लोकांसमोर मिरवायचे ते तमिळ नृत्यनाट्यात, आणि नवे ज्ञान शिकवायचे ते मराठी पद्यात पण तमिळ प्रकारातून. ह्यांतील एकच कृती उचलून तिला ‘दक्षिणेतील मराठी’ असे नाव देणे म्हणजे ह्या व्यवस्थेचा एक पाय मोडून ठेवणे आहे. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या बृहदीश्वरावरील संस्कृत कृती, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु ह्या चार बंधूंनी तंजावर दरबाराच्या आश्रयाने नृत्याला दिलेली शिस्त, हे सारे त्याच परिसरातले, जवळजवळ त्याच काळातले आहे.

कुरवंजीचे प्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धापर्यंत देवळात होत राहिले. १९४७ च्या मद्रास प्रांताच्या कायद्याने देवदासी वाहण्याची प्रथा बंद झाली. कायद्यामागील सामाजिक न्यायाची निकड निर्विवाद होती. त्याबरोबरच त्या कलावंत घराण्यांच्या स्त्रियांचा ह्या देवळाशी असलेला व्यावसायिक संबंधही तुटला, हेही तितकेच खरे. विमानाच्या वरच्या मजल्यावरील प्रदक्षिणामार्गात नृत्याच्या १०८ करणांपैकी ८१ कोरलेली आहेत आणि उरलेल्या शिळा कोऱ्या आहेत. २०१० च्या सप्टेंबरात मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त पद्मा सुब्रह्मण्यम् ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे हजार कलावंतांनी आवारात भरतनाट्यम सादर केले, तेव्हा त्या ४०० नर्तकींची आठवण अनेकांना झाली असणार. परंतु पहिल्यांची नावे भिंतीवर आहेत आणि त्यांची कला अज्ञात आहे. दुसऱ्यांची कला सर्वश्रुत आहे आणि त्यांचा देवळाशी संबंध एका संध्याकाळचा. ह्या दोन समूहांमध्ये जी घराणी होती ती ना भिंतीवर आहेत ना त्या संध्याकाळच्या गौरवात.

५. संरक्षित वास्तू, जिवंत देऊळ

१९२२ पासून हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९८७ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम् व दारासुरम् येथील मंदिरांसह ‘महान जिवंत चोळ मंदिरे’ असे त्या नोंदीचे नाव झाले. ‘जिवंत’ आणि ‘चोळ’ ह्या दोन विशेषणांत ताण आहे. चोळ म्हणजे एका काळात गोठलेले. जिवंत म्हणजे आजही बदलत असलेले. कारभारातही हा ताण उतरला आहे : वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, देखरेख राज्याच्या धर्मादाय खात्याची आणि पूजेची व्यवस्था राजवाडा देवस्थानाची, ज्याचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. भिंतीवरच्या वंशावळीला आज उरलेला प्रत्यक्ष व्यवहार तो एवढाच. पण तो उरला आहे, ही नोंद महत्त्वाची.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोईस रीगल ह्याने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांची जी मांडणी केली तीत वास्तूचे वयोमूल्य, ऐतिहासिक मूल्य आणि उपयोगमूल्य ह्यांच्यातील विरोध दाखविला होता. तंजावरला हा विरोध तात्त्विक राहत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी राजराजाचा पुतळा देवळाच्या आत उभारण्याची राज्य सरकारची इच्छा केंद्राच्या संरक्षणनियमांमुळे सफल झाली नाही आणि पुतळा बाहेर उभा राहिला. ज्याने देवाला आपले नाव दिले त्याला आत जागा नाही, कारण आता ती जागा इतिहासाची आहे. १९९७ च्या जून महिन्यात कुंभाभिषेकापूर्वी यज्ञमंडपाला आग लागून ४८ भाविक मृत्युमुखी पडले. प्राचीन आवारात हजारोंचा जिवंत उत्सव भरतो तेव्हा सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या दुर्घटनेने निष्ठुरपणे पुढे आणला.

२०२० च्या फेब्रुवारीतील कुंभाभिषेकाच्या वेळी प्रश्न भाषेचा होता. विधी तमिळमध्ये व्हावेत की संस्कृतमध्ये, हा वाद मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठापुढे गेला आणि दोन्ही भाषांत विधी करण्याचा मार्ग मोकळा झाला. एका अर्थी देवळाच्या भिंतींनी तो निकाल पूर्वीच दिला होता. तेथे तमिळ पदे गाणारे गायक आणि संस्कृत मंत्र म्हणणारे पुरोहित पहिल्या राजाच्या काळापासून शेजारी होते; मराठी नंतर येऊन बसली. ह्या वादात मराठीचे नाव कोणी घेतले नाही, हे स्वाभाविकच. ती विधीची भाषा कधीच नव्हती, ती दस्तऐवजाची भाषा होती.

दरम्यान देवळाला एक नवा उपयोग कथेने दिला. कल्की ह्यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी १९५० ते १९५४ ह्या काळात ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तीत राजराज हा गादीवर येण्यापूर्वीचा तरुण राजपुत्र आहे. देऊळ त्या कथेत अजून बांधलेलेच नाही. तरीही तिच्या वाचकांनी, आणि २०२२ व २०२३ मधील मणिरत्नम् ह्यांच्या चित्रपटांच्या प्रेक्षकांनी, ह्या देवळाकडे त्या नायकाचे स्मारक म्हणून पाहण्यास प्रारंभ केला. हुल्ट्श ह्यांनी लेख वाचले नसते तर ही कादंबरी ह्या रूपात संभवली नसती. शिलालेखाच्या वाचनातून कादंबरी आणि कादंबरीतून यात्रा, असा हा आधुनिक स्थलपुराणाचा क्रम आहे. भोसले लेखाला असा कादंबरीकार लाभलेला नाही.

६. समारोप

अशा बहुस्तरीय वास्तूचे वर्णन करताना ‘पालिंप्सेस्ट’, म्हणजे खरवडून पुन्हा लिहिलेले चर्मपत्र, हे रूपक वापरण्याचा प्रघात जेरार जनेत ह्यांच्या १९८२ मधील ग्रंथानंतर समीक्षेत दृढ झाला. प्रदक्षिणामार्गातील चित्रांना ते लागू पडते, कारण तेथे वरचा थर खालच्याला खरोखरच झाकतो. शिलालेखांना मात्र ते लागू पडत नाही. सरफोजीने राजराजाची अक्षरे खरवडली नाहीत; त्याने रिकामी भिंत शोधली. येथील तत्त्व शेजाराचे आहे. प्रत्येक नवा उपयोग जुन्याला हटविण्याऐवजी त्याच्या बाजूला जागा मागतो आणि बहुधा जुन्याची भाषा न जाणताच तेथे नांदू लागतो.

शेजाराचे हे तत्त्व स्वीकारले तर वाचनाची जबाबदारी वाढते. भोसल्यांचा लेख केवळ मराठी जाणणाऱ्याला पुरता वाचता येणार नाही आणि चोळांचे देऊळ केवळ तमिळ जाणणाऱ्याला पुरते समजणार नाही. मेय्‌कीर्ती आणि बखर, तळिच्चेरीची यादी आणि कुरवंजी, माहात्म्य आणि कादंबरी ही जोडपी एकत्र वाचणारा अभ्यासक घडविणे हे महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनांचे खरे काम ठरते. तसे न झाल्यास तो शिलालेख महाराष्ट्रात अभिमानाचा आकडा म्हणून आणि तंजावरात अनोळखी अक्षरांची भिंत म्हणून राहील. बृहदीश्वराच्या आवारात एका राजाचे लेखन शतकानुशतके न वाचता राहिल्याचा दाखला आहेच. दुसऱ्याच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे की नाही, हे आता भिंतीच्या हाती नाही.